तेलाचा हात

नवऱ्याचा, मुंजीचा, आजार कळला त्या दिवशी दलंदा रडली ती लाल मिरच्या वाटता वाटता. मुलांना वाटलं, आईचे डोळे मिरचीने झोंबतायत. तिला तेच हवं होतं.

तिचा नवरा हिवाळाभर खोकत होता. अंगावरचं मांस उतरलं, चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. शेवटी स्फाक्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. सीमेपलीकडे त्रिपोलीला बांधकामावर दोन वर्षं काढून तो परत आला होता. तिथलं काय ते त्याने मान खाली घालून सांगितलं, तिने ऐकलं. राग आला, आणि बरेच दिवस मुक्कामालाच राहिला. पण तिचं स्वतःचं रक्त स्वच्छ निघालं, दोन्ही मुलांचंही.

"तू भावाकडे जा," मुंजी म्हणाला. "मी अडवणार नाही."

"भावाकडे? वहिनी दोन दिवस लाड करेल आणि तिसऱ्या दिवशी भांड्यांचा ढीग पुढ्यात ठेवेल. गोळी घे गुपचूप."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, औषध रोज, जन्मभर. रक्तातला विषाणू दबायला काही महिने लागतील. तोवर, आणि आपण सांगेपर्यंत, प्रत्येक वेळी कंडोम. दलंदाला त्याची गरज दुहेरी होती. धाकट्याच्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं की तिसरं मूल म्हणजे जिवाशी खेळ. गर्भनिरोधक गोळ्यांनी तिचं ब्लडप्रेशर चढायचं, आणि तांबी बसवली तर महिनाभर अंगावरून जात राहिलं, म्हणून ती काढून टाकली होती.

मुंजीला त्या पाकिटांचा तिटकारा होता. "रेनकोट घालून आंघोळ," असं तो म्हणायचा. तरी वापरत मात्र होता. चुकवत नव्हता.

त्याची नोकरी तेलाच्या घाण्यावर. ऑलिव्हचा हंगाम सुरू झाला की गावभर तो हिरवा, तुरट वास भरून राहतो. मुंजीचे कपडे, केस, घरातला दरवाजा, सगळंच तेलकट. एका बुधवारी दुपारी घाण्याचा पट्टा तुटला आणि मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. मुलं शाळेत होती. कित्येक आठवड्यांनी घरात दोघांखेरीज कुणी नव्हतं. मुंजीने काहीतरी चावट म्हटलं, दलंदा हसली, आणि पुढचं आपोआप घडलं.

आणि कंडोम फाटला.

मुंजी पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसला. "मी मारलं तुला," एवढंच म्हणाला.

"अजून जिवंत आहे मी," दलंदा म्हणाली. "कपडे घाल. केंद्र उघडं असेल."

आरोग्य केंद्रात वसीलामावशी होत्या. सरकारी सुईण, दलंदाची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. मुंजी बाहेर चपला खरवडत उभा राहिला. दलंदाने आत जाऊन एका दमात सगळं सांगितलं, आजारासकट. वसीलामावशींनी चष्मा वर केला, तिचा हात धरला आणि दरवाज्याकडे पाहून हाक मारली, "ए जावईबापू, आत ये. एकट्या बाईचं काम नाही हे."

मुंजी आला. कान लाल.

"कंडोम जुना होता? तारीख उलटलेली?"

"नाही, गेल्याच महिन्यात तुमच्या इथूनच आणलेला."

"पाकीट दाताने फाडलं?"

"हाताने."

"टोकाला चिमटा धरून हवा काढली होती?"

मुंजीने मान डोलावली.

"मग काही लावलं होतं का? मलम, क्रीम, काहीही?"

त्याने बायकोकडे पाहिलं. दलंदाच पुटपुटली, "तेल."

"कसलं तेल?"

"आमच्या घरात दुसरं कसलं असणार मावशी! ऑलिव्हचं. मला कोरडं पडतं आताशा, त्रास होतो. म्हणून याने कटोरीतून घेतलं."

वसीलामावशींनी कपाळाला हात लावला. "अरे बाबांनो, तेलाने रबर मऊ पडतं, कुजल्यासारखं होतं. वरून दिसत नाही, पण ताण पडला की जातं. व्हॅसलीन, खोबरेल, लोणी, सगळं तसलंच. पाण्यात धुतलं जाणारं जेल मिळतं, ते लावायचं. दर वेळी नीट वापरला ना, तर वर्षाकाठी शंभरातल्या दोनएक बायकांना दिवस जातात. कधी विसरायचं, कधी उशिरा चढवायचा, कधी असं तेल, अशा चुका होत गेल्या तर तेच बारा-तेरा जणींवर जातं. आणि हा आजार धड रबरातून आरपार येत नाही. कातडीला कातडी लागून होणारे काही रोग असतात, त्यांना तो पुरता अडवत नाही, पण याला अडवतो. म्हणजे वस्तू भरवशाची आहे. वापर चुकला."

"मग आता?" मुंजीने विचारलं. एवढंच विचारायचं बळ त्याच्यात उरलं असावं.

"आता लगेच. एक गोळी इथेच घे पोरी, दिवस राहू नयेत म्हणून, जितकी लवकर तितकी बरी. आणि इथून थेट इस्पितळात. आजार लागू नये म्हणून महिनाभराचं औषध असतं, तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. तुम्ही तासाभरात आलात. मी फोन करते, जा."

त्या दुपारीच दलंदाला औषध सुरू झालं. महिनाभर तिला सकाळी उमळायचं, तोंडाला कडू चव यायची. ती सूप ढवळायला बसली की मुंजी हातातून डाव काढून घ्यायचा. रागाचा मुक्काम कधी हलला ते तिला नीट कळलं नाही. एवढं कळलं की हा माणूस चूक झाल्यावर पळून गेला नाही, चपला खरवडत का होईना, दारात उभा राहिला.

पाळी वेळेवर आली. तिने न्हाणीघरातूनच ओरडून सांगितलं आणि मुंजी अंगणात मटकन बसला. पुढच्या तपासण्या आल्या, पहिली दीड महिन्याने, दुसरी तीन महिन्यांनी. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवून म्हटलं, "स्वच्छ." आणि मुंजीचाही कागद दाखवला. त्याच्या रक्तात विषाणू आता सापडत नव्हता. औषध असंच चालू राहिलं आणि तपासणीत तो सापडत नाही असंच येत राहिलं, तर त्याच्याकडून तिला लागण होणार नाही, असं त्या म्हणाल्या. दिवस राहू नयेत म्हणून कंडोम मात्र ठेवाच. मुंजीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिला.

परतताना तो वसीलामावशींकडे थांबला. आभार मानायला लागला. त्या हसून म्हणाल्या, "आभार मला नकोत. घाण्यावर वीसजण आहात, सगळ्यांचे हात तेलाचे. त्यांना सांग."

त्याने सांगितलं. स्वतःच्या आजाराचा उल्लेख न करता, जेवणाच्या सुट्टीत, सार्डिन माशांवर लिंबू पिळता पिळता. संध्याकाळी घरी आल्यावर दलंदाला नक्कल करून दाखवली.

"आधी सगळे हसले. फरहात मुकादम म्हणाला, 'मुंजी, तू मौलवी कधीपासून झालास?' मी म्हटलं, हसा, पण फाटला की रडाल."

"आणि मग?"

"मग काही नाही. सगळे उठून कामाला लागले. फरहात मात्र मागे रेंगाळला. इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतो, 'आणि साबण चालतो का रे?'"

दलंदा हसली. आजार कळल्यापासून अशी हसलीच नव्हती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलं धावत आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. मुंजीने धाकट्याला खांद्यावर उचललं आणि म्हणाला, "काही नाही. आई खूश आहे."

ती खरंच खूश होती. घरात असलेल्या सगळ्यांसाठी खूश. ताटं मांडायला उठताना तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, वसीलामावशींचं नाव घेतलं, आणि जरा लाजत त्या स्वस्तातल्या रबराच्या पाकिटाचंही.