अतिगरिबांच्या गोलात महिपती

खडकेवाडीचा महिपती तसा खाऊनपिऊन सुखी माणूस. दहा-बारा शेळ्या, थोडी मेंढरं, बोअरवरचं रान, आणि सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागलेला एकुलता एक मुलगा अभिमन्यू. पण त्या बुधवारी सकाळी त्याने ट्रंकेच्या तळातून एक फाटका सदरा उपसून काढला, तेव्हा बायकोने, बजाबाईने, कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, ह्यो मी चूल पुसायला ठिवला हुता."

"म्हणूनच घालतोय. आज गरिबी दाखवायची हाय."

गावात नियोजनवाल्या बाई येणार होत्या. देशाची गरिबी हटवायचा नवा आराखडा म्हणे या खेपेला दिल्लीहून खाली येणार नव्हता, खालून वर जाणार होता. म्हणजे थेट खडकेवाडीतून निघणार होता. गावाला त्यातलं कळलं ते एवढंच, की जो जास्त गरीब त्याला शेळ्यांसाठी पक्का गोठा आधी.

बाई आल्या. सोनम मॅडम त्यांचं नाव. वयाने तरुण, जिल्ह्याच्या कचेरीत नव्यानेच लागलेल्या, आणि माणसावर विश्वास ठेवायची सवय अजून न सुटलेल्या. त्यांनी बिरोबाच्या देवळापुढे रांगोळीचे चार मोठाले गोल काढले. एक अतिगरिबांचा, एक गरिबांचा, एक मध्यमांचा आणि एक सधनांचा.

"प्रत्येक घरातल्या एकाने आपापल्या गोलात उभं राहायचं," त्या म्हणाल्या. "अगदी खरं खरं. तुमची योजना तुम्हीच करायची आहे."

सांगायचा अवकाश, सगळं गाव अतिगरिबांच्या गोलात घुसलं. जत्रेच्या एसटीत जागा धरावी तशी झुंबड. किराणा दुकानदार आत, ट्रॅक्टरवाला आत. सधनांच्या गोलात तेवढं एक पांढरं कुत्रं जाऊन बसलं आणि निवांत कान खाजवू लागलं.

"एवढे नाही मावणार," मॅडम घाबरून म्हणाल्या. "आपसात बोलून ठरवा ना."

झालं, जुंपली. महिपतीचा शेजारी शहाजी पुढे सरसावला. "आमच्यात कालवणाला तेल नसतंय, मॅडम."

"तुमच्यात कालवण तरी असतंय!" महिपती म्हणाला. "आमी शेजारच्या कालवणाच्या वासासंगं भाकरी खातो."

"त्यो वास आमच्याच घरचा!"

"बघा मॅडम, कबूल झाला! स्वतः जेवून वर शेजाऱ्याला वास पुरवतोय. ह्यो सधन!"

लोक हसले आणि महिपतीला चेव चढला. तो गोलाच्या मधोमध मांडी ठोकून बसला. "माझं छप्पर गळतंय. पाऊसच पडत न्हाई म्हणून भिजत न्हाई, इतकंच. घरात उंदीर म्हणून ऱ्हात न्हाईत, शहाजीकडं जेवायला जात्यात. पोरगा सोलापुरात हाय खरं, पर निस्ता हवा खातोय. त्याला कोण पोरगी देईना!"

"राम राम, पाव्हणं," मागून कोणीतरी म्हणालं.

महिपतीने मान वळवली. मागे वेळापूरचे सिद्धनाथ उभे होते. त्यांच्या मुलीशी, अपेक्षाशी, अभिमन्यूची सोयरीक जवळजवळ ठरली होती. घर बघायला म्हणून ते गुरुवारी येणार होते. सोबत खुद्द अपेक्षाही होती. दोघांच्या पायांना गुडघ्यापर्यंत वाळू लागलेली.

"उद्या अमावस्या निघाली, म्हणून आजच आलो," सिद्धनाथ म्हणाले. "गाडी वढ्याच्या वाळूत रुतली. चालत आलो."

महिपती उठला तो एका उडीत सधनांच्या गोलात, कुत्र्याच्या शेजारी. "मी हितला हाय, पाव्हणं! तितं आपलं गावाला कसं उभं ऱ्हायचं ते दाखवत हुतो."

"आन सदरा?"

"फॅशन! सोलापुरात पोरं फाटकीच पँट घालत्यात की."

सिद्धनाथांनी सदरा वरपासून खालपर्यंत पाहिला. "बरं, ते उंदराचं खरं का? आमच्या पोरीला उंदराचं लई भ्या वाटतंय."

"एक बी उंदीर न्हाई!" महिपती ओरडला. एकच थाप दोन्ही गोलांत चालली, याचं त्यालाच कौतुक वाटलं.

"मग बरं. आमच्या भावकीत अजून बऱ्याच पोरी हायत लग्नाच्या," सिद्धनाथ सहज बोलून गेले.

खडकेवाडीत लग्नाची पोरं उदंड आणि पोरी देणारे पाव्हणे दुष्काळी. ज्याच्या ज्याच्या घरी पोरगा, तो तो सधनांच्या गोलात धावला. कुत्रं केकाटत पळालं. अतिगरिबांच्या गोलात एकटा शहाजी उरला. त्याची सगळी पोरं उजवून झाली होती.

"गोठा माझा!" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला.

सोनम मॅडम हातातली रांगोळीची वाटी तशीच धरून उभ्या होत्या. "प्रशिक्षणात सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या, "की एवढ्या विकासाला एक पिढी जाते."

एवढ्यात बजाबाईने पाठवलेला अभिमन्यू धापा टाकत आला. तो पाव्हण्यांसाठीच सुट्टी काढून आदल्या रात्री घरी आला होता. अपेक्षाने त्याच्याकडे सरळ बघून विचारलं, "तुमी कुठल्या गोलात?"

अभिमन्यूने बापाकडे पाहिलं. बाप डोळ्यांनी खुणा करत होता. पोरगं मात्र मध्यमांच्या गोलात जाऊन उभं राहिलं. "बोअरला पाणी हाय तवर हितं," तो म्हणाला, आणि एक पाय उचलून गरिबांच्या गोलात ठेवला. "आटलं की तितं."

महिपतीने डोळेच मिटले. झाली सोयरीक, तो मनात म्हणाला.

पण अपेक्षा खुदकन हसली. "आमचं बी तसंच हाय. गाडी तर मामाची मागून आणलीया."

आता ओशाळायची पाळी सिद्धनाथांची होती. "बया, गाडी!" ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत परत द्यायची हाय!"

मग चारी गोल मोडून गाव ओढ्याकडे निघालं. सकाळच्या अतिगरिबाने घरून ट्रॅक्टर आणला. मॅडमनी तो पाहिला, चपला काढल्या आणि गाडीला खांदा लावला. गाडी सुटली तेव्हा सगळ्यात जास्त वाळू त्यांच्याच केसांत होती.

"हे रोजचंच का?" त्यांनी विचारलं.

"रोजचं कुटं?" शहाजी म्हणाला. "पावसाळ्यात वाळू नसती. पाणी असतंय."

"मग सकाळपासून कुणी बोललं का नाही?"

"तुमी गोल विचारले, वढा कुटं इचारला?"

मॅडम तिथेच काठावर बसल्या आणि त्यांनी खडकेवाडीच्या योजनेतलं पहिलं काम ठरवलं. ओढ्यावर पूल. त्यावर मात्र गावात भांडण झालं नाही, कारण पूल गोठ्यासारखा एकट्या गरिबाच्या नावावर होत नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी गोल पुन्हा मांडले, पण या वेळी फक्त बायकांना बोलावलं. बजाबाई शेजारणीशी बोलत बोलत मध्यमांत उभी राहिली. गोठा गेला म्हणून महिपती तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावंच लागलं, कारण लग्नाची तारीख धरायची होती आणि पूल अजून दिल्लीच्या वाटेवर होता. वऱ्हाड ट्रॉलीतून आणावं की ओढ्याच्या पलीकडेच मांडव घालावा, यावर दोघं नवरा-बायको दिवसभर तावातावाने भांडत बसली.