राफिएला आजीचं ताट

"आज कुणा डोंगरातल्या धनगराचं रक्त चढवलं गं? चालणं बघा, मेंढरांमागं निघाल्यासारखं!" बोनारिया इस्पितळातून परतली तशी प्रियामोने दारातूनच लेकीला चिडवलं.

"कुणाचं का असेना, त्याचं भलं होवो," ती म्हणाली आणि ताटं काढायला लागली. थॅलेसेमियामुळे लहानपणापासून ती परक्यांच्या रक्तावर जगत आली होती. त्या न पाहिलेल्या माणसांचे उपकार ती कधी विसरत नसे.

आज मेलेल्यांची रात्र होती; गावच्या रीतीप्रमाणे घरातले गेलेले लोक जेवायला येणार होते. मकारोनी, किसलेलं चीज, वर्नाच्चा वाइनची बाटली, सगळं टेबलावर होतं. सुरी तेवढी ठेवायची नाही, आलेल्या आत्म्यांना इजा नको म्हणून. आणि दरवर्षीसारखं राफिएला आजीचं ताटही नाही. बोनारियाचा थोरला भाऊ अंतियोको याच थॅलेसेमियाने चार वर्षांचा असताना गेला. दोष आईबाप दोघांच्या रक्तातून आलाय, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. बायकोला बोल लावायची प्रियामोची छाती नव्हती, म्हणून सगळा राग त्याने आपल्या मेलेल्या आईवर, राफिएलावर काढला; तिच्याकडूनच हे रक्त त्याच्यात आलं होतं. आता म्हातारा थकला होता. मरताना हा राग तो बरोबर घेऊन जाईल, याचीच बोनारियाला धास्ती होती.

"बाबा, आजीच्या भावंडांचं काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? दलदलीतला हिवताप. सगळी गेली. हीच एक चिवट."

"चिवट नाही हो. डॉक्टरीणबाई आज सांगत होत्या. हे रक्त एकाच बाजूनं आलं, तर हिवतापाचा जोर चालत नाही. म्हणून दलदलीकाठी अशीच माणसं जास्त तगली, त्यांना पोरं झाली. डोंगरात हिवताप नव्हता, तिथं हे रक्तही फारसं नाही. आजीत ते नसतं तर तीही गेली असती. मग तुम्ही कुठले आणि मी कुठली?"

"आणि अंतियोको?" म्हातारा ओरडला. "त्याला काय मिळालं त्यातनं?"



"त्याला दोन्हीकडून आलं. मलाही," ती हळूच म्हणाली. "मला लोकांनी रक्त दिलं, त्याच्या वेळी ते मिळत नव्हतं. पण मी जगले, बाबा. आजीचे उपकार मी तरी मानते."

प्रियामो उठला. त्याने फडताळातून एक ताट काढलं, बाहीने पुसलं. बोनारियाने टेबलाच्या टोकाला जागा केली.

"तिथं नको."

टेबलाशी मांडलेली अंतियोकोची छोटी खुर्ची त्याने जरा सरकवली आणि आपल्या आईचं ताट तिच्या शेजारी मांडलं.

"लहान आहे तो. कुणीतरी भरवायला पाहिजे."