इमील साहेबाचं शेवटचं पिंप

इमील साहेबाला आमच्या आटगावात साहेब म्हणायचे ते निव्वळ कातडीमुळे. बाकी त्याच्यात साहेबासारखं काही उरलं नव्हतं. घाटातल्या पुलांच्या दगडकामावर तो फ्रान्सातून कसाऱ्याला आला, काम संपल्यावर परत गेला नाही, पाड्यावरच्या भागीशी लग्न केलं आणि डोंगरउतारावर जमीन मागून घेऊन चक्क द्राक्षं लावली. जिथे आम्हाला भात-नाचणी पिकवताना नाकी नऊ येतात, तिथे हा द्राक्षं लावतो म्हणजे डोकं फिरलेलंच असणार, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. जमीनमालकाने जमीन दिली ती साहेबाच्या हयातीपुरती. हे वेड एका जन्मात आटोपेल, असा त्याचा अंदाज असावा.

पण वेड खानदानी होतं. फ्रान्सात साहेबाच्या घरचा छोटा मळा होता. आजोबाने लावलेला, मग बापाचा, मग थोरल्या भावाचा. काळ्या द्राक्षांची लाल वाइन करायची, ती लाकडी पिंपात भरून तळघरात ठेवायची आणि वर्षानुवर्षं त्या पिंपाकडे नुसतं बघत बसायचं, असा तो धंदा. वेलींच्या काड्या भावानेच ओल्या गोणपाटात गुंडाळून बोटीने पाठवल्या होत्या. मग दुसरी लढाई आली, जर्मन फौजा त्या मुलखात शिरल्या आणि भावाची पत्रं बंद झाली. मळा आहे की जळाला, भाऊ आहे की मेला, साहेबाला कळायला मार्ग नव्हता.

इथल्या पावसात निम्म्या वेली कुजायच्या. उरलेल्या वेलींची वाइन तोंडात धरवायची नाही. एकाच वर्षी ती बरी उतरत होती, तर नेमकी भागीची आई त्याच घरात वारली. आमच्यात माणूस गेलं की त्या वेळी घरात उघडं असलेलं पाणी ओतून देतात. हंडे, कळश्या, ताकाचं मडकं, काही ठेवत नाहीत. भागीचा चुलता कमळूकाका रीतीला पक्का. त्याने द्राक्षं तुडवायच्या दगडी हौदातली वाइनसुद्धा बादलीने उपसून अंगणात ओतली. साहेबाने त्याला अडवलं नाही. दोन दिवस जेवला मात्र नाही.

एकेचाळीस साली शिमग्याच्या सुमाराला साहेबाने अंथरूण धरलं. द्राक्षं भागीने आणि त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, राहीने तोडली. राही तेव्हा लग्नाला आलेली पोर, बापासारखी हट्टी. हौदात उतरून तिने एकटीने द्राक्षं तुडवली. साहेबाने आपली खाट हौदाच्या खोपीतच टाकायला लावली होती. द्राक्षांचा रस फसफसायला लागला, सालींचा जाड थर वर आला, तो राही दिवसातून कितीदा तरी खाली दाबायची आणि बाप खाटेवरून बघायचा. शेवटी तिने वाटीत घेऊन त्याला चव दिली. ती चाखून तो रडायलाच लागला.

"ही आमच्या घरची," तो म्हणाला. "माझ्या आयशीच्या तळघरातली. राही, साली खाली बसल्या का त्याच दिवशी पिंपात भर. उघडी राहिली तर नासंल."

साली खाली बसल्या त्या सकाळी भागी लाकडांना गेली होती. राही पिंप धुऊन आत आली, तर साहेब गेलेला होता.

ती ओरडणार होती. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग तिची नजर हौदाकडे गेली. आता बोंब ठोकली की घटकाभरात पाडा जमणार आणि कमळूकाका बादली मागणार. त्याने हौद सोडला, तरी सुतकात कुणी हात लावणार नाही आणि वाइन नासणार. पुढच्या वर्षी करू म्हणावं, तर जमीन आजपासूनच आपली नाही. तिकडचा मळा बहुधा गेलेला. तीन पिढ्यांच्या त्या घरातलं जगात काही शिल्लक असेल, तर ते या हौदात होतं. राहीने बापाचे डोळे मिटले, हनुवटी फडक्याने बांधली, गोधडी नाकापर्यंत ओढली आणि कामाला लागली.

वाइन उपसून तिने पिंपात ओतली. उरलेल्या साली, त्यांतला रस निथळावा म्हणून, फडक्यात बांधून फळीखाली ठेवल्या आणि फळीवर धोंडे रचले. हात चालत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मध्येच खाटेवरच्या माश्या हाकलायला जायची आणि पुन्हा हौदाशी यायची. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

दुपारी भागी आली. पेज करून खोपीच्या दाराशी आली, तर राही वाटेत आडवी आली.

"आत्ताच डोळा लागलाय बाबाचा. उठवू नको."

"सकाळपासून पोटात काय नाय त्याच्या."

"उठला का देते मी."

भागीने पेजेचं भांडं तिच्या हातात दिलं आणि तिथेच उंबऱ्याबाहेर वाल सोलत बसली. सोलता सोलता आत ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याशी बोलत राहिली. म्हसा गावच्या जत्रेत तू मला बांगड्या घेतल्यास, त्यातली एक आज फुटली, असलं काहीबाही. राहीने पिंप काठोकाठ भरलं, बूच लावलं आणि लाकडाच्या हातोड्याने ठोकायला घेतलं.

"हळू ठोक गो," भागी बाहेरून म्हणाली. "जागा होईल त्यो."

बूच पक्कं बसल्यावर राही बाहेर आली. "आये, बाबा गेला," म्हणाली, आणि सकाळपासून अडवून धरलेला हंबरडा तिने आता फोडला.

पाडा जमला. हंडे-कळश्या अंगणात रित्या झाल्या. साहेबाला वेलींच्या कडेला पुरायचं होतं, तसं तोच सांगून गेला होता. म्हातारी गुणाबाई आंघोळ घालायला पुढे झाली आणि साहेबाचा हात धरून थबकली.

"हात वळत नाय. ह्यो आत्ताचा गेल्याला नाय."

कमळूकाकाने ओली जमीन पाहिली, रिता हौद पाहिला आणि पिंप पाहिलं. त्याला काही आनंद होत नव्हता, पण रीत ती रीत.

"राही, खरं सांग. बापूस गेला तवा ही दारू उघडी हुती का?"

राही पिंपाला पाठ लावून उभी राहिली. भागी नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिने त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं, ते सोडून दिलं. मग लेकीकडे पाहिलं. एवढ्या बायामाणसांत तिला सगळं कळलं आणि ते फक्त राहीला दिसलं.

"तिला काय इचारता काका?" भागी म्हणाली. "दुपारी मी पेज पाजली त्याला. माझ्या हातचे दोन घोट घेतले त्यानं. पिंप तवा बंद झालेलं."

"पर भागे, आंग..." गुणाबाई म्हणाली.

"सांधे आखडलेलेच हुते त्याचे. मी रोज चोळायची, मला ठावं."

बायकोचा शब्द कमळूकाकाने मानला. पिंप राहिलं.

मूठमाती देऊन लोक आपापल्या घरी गेले. खोपीत मायलेकी दोघीच उरल्या. राहीने आईचे पाय धरले. भागीने तिला दूर केलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

"तुझ्या बापसाची दारू वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "पर माणूस गेला का आंग ताठायच्या आधी त्याच्या तोंडात बायकोनं पाणी घालायचं आसतं. मी दारातच बसले हुते गो."