साडूच्या गाडीचा भोंगा

गाडी उभी करायला जागा नाही, हे गाऱ्हाणं हल्ली घरोघरी ऐकू येतं. आमच्या गोष्टीतल्या मोठ्या जावयांचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्या बैठ्या घराला फाटक होतं, फाटकाच्या आत एका गाडीपुरती जागा होती आणि त्या जागेत त्यांची जुनी पांढरी गाडी सुखाने उभी होती. तरीही त्या रविवारी सकाळपासून त्यांच्या पोटात दुखत होतं. कारण साडू येणार होता, आणि तोही नव्याकोऱ्या निळ्या गाडीतून!

मोठे जावई पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून होते. धाकटे जावई फरश्या बसवण्याची कामं घ्यायचे. लग्नात ज्याच्या अंगावरचा कोट भाड्याचा होता, तो माणूस बघता बघता आपल्या पुढे निघून गेला, हे मोठ्या जावयांच्या डोळ्यांत सलत होतं. त्यात सासरे त्यांच्याकडे राहायला आलेले. सासऱ्यांचं सारं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं होतं. नुकतंच त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याने जेमतेम उजेड कळायचा. त्यांच्या डोळ्यांत वेळेवर औषध घालायचं काम मोठे जावई नेमाने करत होते. आणि साडू आला तो गाडीच्या टपावर चक्क आरामखुर्ची बांधून!

"बाबा, बसून तर बघा," धाकटे म्हणाले.

सासरे बसले, मागे रेलले आणि खुदकन हसले. मोठ्या जावयांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दादा, रस्ता अरुंद आहे. तुमची गाडी जरा बाहेर काढलीत तर माझी आत घेऊ का?"

"अहो, तिची बॅटरी उतरलीय. जागची हलत नाही बघा."

ती गाडी त्याच सकाळी बाजाराला जाऊन आली होती. बायकोने नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि ती आत गेली. निळी गाडी रस्त्यापलीकडच्या भिंतीला खेटून उभी राहिली.

दुपारची जेवणं झाली. दोघी बहिणी मागच्या खोलीत दार लावून गप्पा मारत बसल्या. धाकटे जावई दिवाणावर घोरू लागले. सासरे नव्या खुर्चीत पडून होते, आणि मोठे जावई पेपर तोंडासमोर धरून त्या खुर्चीकडेच बघत होते. एवढ्यात बाहेर, कुणी गाडीचं दार ओढलं की आपोआप वाजतो तसा भोंगा वाजायला लागला.

मोठे जावई उठले. त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला. टोपी घातलेला एक उंच माणूस निळ्या गाडीच्या दारात लोखंडी पहार घालून जोर लावत होता. कोपऱ्यावरून 'बादली' धावत आला. गल्लीतल्या गाड्या पुसणारा हा माणूस कायम बादली घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला बादलीच म्हणत. "अरे ए! काय चाललंय?" असं ओरडत त्याने ती पाण्याने भरलेली बादली त्या माणसावर भिरकावली. चोर पहार घेऊन पळाला आणि भोंगाही थांबला. बादली गाडीपाशी उभा राहून घरांच्या खिडक्यांकडे बघू लागला.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी आपण काय करू? धावत बाहेर जाऊ! मोठे जावई गेले नाहीत. निळ्या रंगावर उमटलेला लांबच लांब ओरखडा त्यांना इथूनही दिसत होता. तो बघून त्यांच्या काळजाला थंडावा मिळाला. मिरवायला आणली होती ना गाडी? मिरव आता! त्यांनी पडदा ओढून घेतला.

दिवाणावर धाकट्यांनी कूस बदलली. "दादा, कसला आवाज?"

"काही नाही, समोरच्यांची गाडी असेल. झोपा तुम्ही."

चहाच्या वेळी सगळे बाहेर आले आणि एकच आरडाओरडा झाला. दाराचा पत्रा वाकला होता, हँडल लोंबत होतं, काचेला तडा गेला होता. दार बंदही होत नव्हतं. गाडीजवळ बादली बसून होता.

"साहेब, एक जण दार फोडत होता. मी हाकललं त्याला. दार उघडं राहिलं म्हणून इथेच थांबलो."

"वा रे वा!" मेव्हणी कडाडली. "याचीच बादली गाडीखाली पडलीय, आणि म्हणे मी हाकललं!"

शेजारीपाजारी जमले. कुणी धाकट्यांना बसायला स्टूल दिलं, कुणी पाणी दिलं, कुणी गॅरेजवाल्याला फोन लावला. जो तो हळहळत होता. कुणीतरी हसत म्हणालं, "मोठ्या जावयांचं फाटक एवढंसं, पण चोराने त्यांच्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही!" सगळे हसले. मोठ्या जावयांचा तिळपापड झाला. आता चोरसुद्धा साडूलाच मान देणार!

हवालदार आला. "कुणी काही पाहिलं का?"

"आम्ही सगळे झोपलो होतो," मोठे जावई म्हणाले.

बादलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"चल चौकीवर," हवालदाराने त्याचा दंड धरला.

"साहेब, मी काही केलं नाही हो! चोर म्हणून तिथं नेलंत, तर या गल्लीत मला गाडीला हात तरी लावू देतील का?"

हवालदाराला पाणी आणायच्या निमित्ताने मोठे जावई घरात सटकले. खुर्चीतून आवाज आला.

"जावईबापू, दुपारी पडदा कुणी सरकवला?"

मोठ्या जावयांनी हातातला पेला खाली ठेवला.

"पट्टी डोळ्यावर आहे, कानावर नाही. भोंगा वाजला, तुम्ही उठलात, पडद्याच्या कड्या वाजल्या. बादली ओरडला तेही ऐकलं मी. मग कड्या पुन्हा वाजल्या आणि तुम्ही धाकट्यांना म्हणालात, झोपा."

"मग जा ना बाहेर, सांगा सगळ्यांना!" मोठे जावई एकदम उसळले. "रोज तुमच्या डोळ्यांत औषध मी घालायचं, आणि तुमचा चेहरा फुलणार त्याच्या खुर्चीने! तो आला की सगळं घर त्याच्याभोवती. मी कोण? घरचाच!"

सासरे खुर्चीत सरळ बसले. "खरं आहे तुमचं. औषध घालणाऱ्या हाताचं मी कधी कौतुक केलं नाही. चुकलं माझं. पण त्यासाठी माझ्याशी भांडा. त्या गरिबाने तुमचं काय घोडं मारलंय? आणि साडूच्या गाडीचा पत्रा वाकला म्हणून तुमच्या गाडीला नवा रंग आला का?"

सासऱ्यांनी बाहेरच्या आवाजाच्या दिशेने हात केला.

"तो बाहेर उभा आहे ना, तो परक्याच्या गाडीसाठी धावला. त्यालाच आज चोर म्हणून नेलं, तर उद्या आपल्या दारात काही झाल्यावर कोण धावणार? मी जाऊन सांगू शकतो. पण मी नुसतं ऐकलं. पाहिलंय तुम्ही."

बाहेरून बादलीचं रडणं ऐकू आलं. मोठे जावई तसेच वळले आणि पायांत चप्पलही न घालता रस्त्यावर आले.

"थांबा हवालदारसाहेब! सोडा त्याला! चोर वेगळाच होता. मी पाहिला त्याला, खिडकीतून!"

हवालदाराने बादलीचा दंड सोडला. धाकटे जावई स्टुलावरून उठले. "दादा, तुम्ही पाहिलंत? आणि मला झोपा म्हणालात?"

"हो. तुमची गाडी मला बघवत नव्हती. तिला ओरखडा पडला तेव्हा बरं वाटलं मला. आणि माझ्या गाडीची बॅटरीही उतरलेली नाही."

मोठ्या जावयांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. धाकटे बादलीकडे गेले आणि त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मोठ्या जावयांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हवालदार म्हणाला, "दोघंही चला. चोराचं वर्णन लिहून घ्यावं लागेल."

मोठे जावई बादलीच्या बरोबरीने चालू लागले. दारादारांतून लोक बघत होते, आणि लोकांनी बघावं म्हणूनच ते मुद्दाम त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होते.

"मला माफ करा," ते हळूच म्हणाले. "मी खिडकीत होतो, हे तुम्हाला ठाऊकच नसणार."

"ठाऊक होतं. दिसलात की तुम्ही."

"दिसलो? मग बेल का नाही वाजवली? हवालदाराला का नाही सांगितलं?"

"बेल कशाला वाजवू? वाटलं, साहेबांनी बघितलंय म्हणजे येतीलच बाहेर. म्हणून थांबलो वाट बघत. नंतर तुम्हीच म्हणालात, झोपलो होतो. तुमच्या शब्दापुढे माझं कोण ऐकणार?"

मोठ्या जावयांचे डोळे भरून आले. चौकीची पायरी आली तेव्हा त्यांनी बादलीला आधी आत जाऊ दिलं.

वाचकहो, दुसऱ्याचं नुकसान झालं म्हणून आपल्या पदरात काही पडत नाही. हेवा मात्र आपल्याला डोळ्यांदेखत घडलेलं नाकारायला शिकवतो, आणि त्याची शिक्षा भोगतो तो भलताच कुणीतरी! रस्त्यावर कुणी हाक मारत असेल, तर गाडी कुणाची आहे ते नंतर बघू. आधी बाहेर जाऊ. तिथे कुणीतरी आपली वाट बघत उभं असतं!