प्रार्थनेच्या यादीतले नाव

मैत्री नावाच्या जुन्या विद्यार्थिनीचे ते पत्र प्रफुल्ल मास्तरांना तोंडपाठ होते, पण त्याचे उत्तर तीन वर्षांत त्यांच्या हातून लिहून झाले नव्हते. निळे आंतरदेशीय पत्र, पोस्टमनने दाराखालून सरकवलेले. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बाई पत्र पोस्टाने का पाठवते, हे मास्तरांना ते फोडण्याआधीच उमगले होते. फोन केला असता तर सासूच्या कानावर गेले असते, आणि समोर येऊन विचारले असते तर मास्तरच लाजून अर्धे झाले असते. शाळेत तिला पत्रलेखन त्यांनीच शिकवले होते. मायना, तारीख, खाली सही, सगळे जागच्या जागी होते. मजकूर मात्र चार ओळींचा.

'सर, लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल मागून मागून मी थकले. आता मागणं थांबवलं, तर मी देवाला परकी होईन का? तुम्ही इतकं वाचलंय म्हणून तुम्हाला विचारते. उत्तर लिहूनच पाठवा.'

इतके वाचलेय! तेच तर दुखणे होते. मास्तरांनी त्या आठवड्यात कपाटातली सगळी प्रवचने आणि भाष्ये उपसली. शास्त्रातल्या ज्या बायकांना मूल होत नव्हते, त्यांना शेवटी झालेच होते. जिला झाले नाही, तिची गोष्ट कुणी लिहून ठेवलीच नव्हती. चार वेळा ते लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. आपण कोण सांगणारे? ना पाळक, ना कसले जाणते. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे नावाला चिटणीस. दर शनिवारी प्रार्थनेची यादी लिहायची आणि रविवारी उभे राहून वाचायची, एवढेच आपले काम.

आणि मग त्यांनी तेच केले. त्या शनिवारी यादीत एक ओळ वाढली : 'निकेत व मैत्री यांना संतती लाभावी म्हणून.' लिहिल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटले. आपल्याला उत्तर येत नाही तर न येवो, प्रार्थना तर होईल!

उरणमधली ही मंडळी लहानशी, साठ-सत्तर माणसांची. कुणी कंटेनर यार्डात, कुणी ट्रेलरवर, कुणी शाळेत. यादीचा नियम मात्र जुना आणि पक्का होता. एकदा चढलेले नाव मागणे पुरे झाल्याखेरीज उतरायचे नाही. आजारी बरा झाला की उभा राहून साक्ष द्यायचा, मग नाव खोडायचे. नाव उतरायचे दोनच रस्ते, साक्ष नाहीतर मरण. तीन वर्षांत कित्येक नावे आली नि गेली. मैत्रीचे तेवढे राहिले. मास्तर ती ओळ वाचत, तेव्हा बायकांच्या बाजूला माना हळूच मागे वळत. हे त्यांना दिसत होते. दिसूनही ते वाचत होते.

यंदा उपास-प्रार्थनेच्या आठवड्यातल्या शनिवारी, भर दुपारी, ते देवळाच्या मागच्या खोलीत यादी लिहीत बसले होते. दारात सावली पडली.

"सलाम, सर."

मैत्री होती. ती यार्डाच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायची. ड्यूटी संपवून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र होते. पनवेलला दुसऱ्यांदा केलेले आयव्हीएफ मागच्या महिन्यात फसले होते. तेही मंडळीत सगळ्यांना ठाऊक होते.

"ये, बस की."

"बसत नाही. यादीतून माझं नाव काढा."

मास्तरांनी पेनाला टोपण लावले, पुन्हा काढले. "अगं, नियम आहे…"

"नियम मला माहीत आहे. सर, मी तुम्हाला पत्र टाकलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"काय विचारलं होतं?"

मास्तर यादीचा कागद उगाच सरळ करू लागले. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे.

"मी विचारलं, थांबले तर चालेल का. आणि तुम्ही सगळ्या मंडळीला माझ्यासाठी मागायला बसवलंत! गाडी काट्यावर उभी राहते ना सर, तशी मी दर रविवारी उभी असते. सगळे आकडा बघतात."

"मला उत्तर सुचलं नाही गं."

"मग तसंच लिहायचं होतं. 'मला येत नाही.' चाललं असतं मला." तिचा आवाज चढला नव्हता, पण ओळखपत्राची दोरी तिने बोटांना करकचून गुंडाळली होती. "ती मागची खिडकी आहे ना, तिथे बसते मी. गीत सुरू झालं की वाटतं, इथे कुणीतरी आहे, आणि ते मला काहीच विचारत नाही. डॉक्टर विचारतात, आई विचारतात, रिक्षावाला विचारतो, मुलं किती. तो एकटा विचारत नाही. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. उद्या मला पुढे उभं करणार आहेत. आईंनी झबलं आणलंय. ते हातात धरून मी उभं राहायचं आणि सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना करायची. निकेत म्हणतो, आईचं मन मोड नकोस. सर, मला पुढे बोलावलं ना, तर मी दारातून बाहेर पडेन आणि परत कधी येणार नाही. मग माझ्याकडे काहीच उरणार नाही."

एवढे बोलून ती गेली.

दहा मिनिटांत वेणूबाई हजर. मैत्रीची सासू. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पिवळे झबले.

"मास्तर, सून आल्ती ना हितं? काय बोलली?"

"काही नाही, आपलं… सहज."

"सहज! त्या पोरीचं सहज काय नसतं. ऐका, उद्या तिचं नाव यादीत सगळ्यात वर घ्या. पास्टरांशी बोललेय मी."

"वेणूबाई, तिची इच्छा नसेल तर नाव काढलेलं…"

"काढलेलं?" वेणूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "देवाच्या दारातून नाव काढायचं? रेशनकार्ड हाय का ते? तुम्ही पुस्तकं वाचा मास्तर, तुमचं तेच बरं हाय." मग झबल्याची घडी नीट करत हळू आवाजात म्हणाल्या, "माझा निकेत एकुलता हाय. मी काय वाईट मागते का?"



रविवारी देऊळ भरले होते. मैत्री खिडकीपाशी, शेवटच्या बाकावर. निकेत पुरुषांच्या बाजूला, मान खाली. पहिल्या बाकावर वेणूबाई, मांडीवर पिशवी. पास्टर स्वराज हे तरुण पाळक उत्साही आणि मनाने चांगले होते; मास्तर उठताना ते कुजबुजले, "ती ओळ वाचलीत की थांबा, मी पुढे घेतो."

मास्तर यादी वाचू लागले. आजाऱ्यांसाठी. समुद्रावर असलेल्यांसाठी. परीक्षेला बसलेल्यांसाठी. राज्यकर्त्यांसाठी. आणि त्यांनी कागद मिटला.

"मास्तर, एक राहिलं!" वेणूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

माना वळल्या. मैत्रीने पर्स खांद्याला लावली.

"राहिलं नाही," मास्तर म्हणाले. "ते नाव… चुकून लागलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं."

"तीन वर्षं चूक?" कुणीतरी हसले.

"तीन वर्षं."

पास्टर स्वराज लगबगीने पुढे आले. "हरकत नाही, मास्तर. आज आपण विश्वासाने उभं राहणार आहोत. बहीण मैत्री, पुढे ये."

मैत्री उठली. पुढे नाही, दाराकडे वळली. दोन पावलांवर दार होते. मास्तरांना तिची पाठ दिसली आणि त्या क्षणी, चाळीस वर्षे वर्गात जो आवाज फक्त कविता शिकवताना निघायचा, तो निघाला.

"पाळकसाहेब, थांबा! प्रभूनेही वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत एक मागणं मागितलं होतं, हे मरण टळावं म्हणून. घाम गाळून मागितलं. नाही मिळालं त्याला. मग तो मागायचा थांबला. तेव्हा तो बापाला परका झाला का? त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची आपल्यात कुणाची छाती आहे?"

मास्तरांनी टेबलाचा आधार घेतला. मैत्रीचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"मग मी याचं काय करू?" वेणूबाईंनी पिशवी उचलून विचारले. भांडायचा सूर नव्हता तो. खरेच विचारत होत्या.

पास्टर स्वराज ओठ चावत उभे होते. शेवटी म्हणाले, "मलाही माहीत नाही, वेणूबाई. आपण सगळेच जरा गप्प बसू या देवापुढे. कुणी काही मागू नका."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या शांततेत वेणूबाई उठल्या, मधल्या वाटेने चालत मागे गेल्या आणि सुनेचा दंड धरून खिडकीच्या बाकाशी आल्या. "सरक," एवढेच म्हणाल्या. मैत्री बाकावर आत सरकली. दोघी शेजारी बसल्या. वेणूबाईंचे खांदे हलत होते. मैत्रीने डोळे मिटले आणि मान मागच्या भिंतीला टेकवली, खूप चाललेले माणूस टेकते तशी.

उपासना संपल्यावर ती मास्तरांशी बोलली नाही. वेणूबाई मात्र पायरीवर थांबल्या. "मास्तर, तुम्ही सगळ्यांपुढं केलंत ते बरं न्हाय केलंत."

"असेल," मास्तर म्हणाले.

घरी येऊन ते न जेवताच टेबलाशी बसले. आज कपाट उघडले नाही. 'चि. मैत्रीस, अनेक आशीर्वाद,' असे लिहून पुढे लिहिले :

'तुझ्या प्रश्नाचे उत्तर : देवाला परकी होणार नाहीस. हे मला पुस्तकात सापडले नाही, आणि मी चुकतही असेन. पण मागणारे हात थकून खाली आले म्हणजे ते देवाच्या हातातून सुटले, असे मला वाटत नाही. पुन्हा कधी मागावेसे वाटले तर माग, नाही वाटले तर नुसती बस. तुझी सून्न शांतताही तो ऐकतो. तुझा प्रश्न मी चारचौघांत नेला, त्याची क्षमा कर. उत्तराला तीन वर्षे लागली, त्याचीही.'

'सून्न' चुकले होते. 'सुन्न' करावे म्हणून त्यांनी नवा कागद ओढला, मग तो बाजूला सारला. एकदा फाडले की पुन्हा लिहून व्हायचे नाही, हे त्यांना स्वतःविषयी पक्के माहीत होते. पाकीट चिकटवले. सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते तिथे जाऊन उभे राहिले, तिकीट घेतले, लावले आणि पत्र पेटीत टाकले.