तलावनगरी, प्लॉट नंबर सात

पत्रकावर लिहिलं होतं, ‘राहा, फिरा, गुंतवा: तलावनगरी.’ राहुरीच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून. धरणाला तलाव आणि तीनशे उंबऱ्यांच्या गावाला नगरी. चित्रातल्या तलावात दोन हंस पोहत होते. आपल्याकडे हंस येत नाहीत, असं मी म्हटलं. “तू कॉलेजात वनस्पती शिकवायचीस, पक्षी नाही,” असं माझे पती अमृत म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांना पाण्याकाठी राहायचं होतं. त्यासाठी नगरचं घर विकायचं होतं. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे मे महिन्याच्या त्या रविवारी मलाही सोबत नेलं.

मच्छिंद्र नावाचा माणूस प्लॉट दाखवत होता. “या वहिनी! इथं खुर्ची टाकायची, पाण्यात पाय सोडायचे अन् चहा प्यायचा.”

जमीन सपाट, काळी, मऊ. फक्कीच्या रेघांनी प्लॉट पाडले होते. सात नंबरमध्ये एक म्हातारी कलिंगडं काढत होती.

“ए लंकामावशे, आवर. पाव्हणे आलेत.”

“आवरतेच हाय. पानी चढायच्या आत काढायला नगं व्हय?”

“पाणी इथपर्यंत येतं?” मी विचारलं.

“गाळपेर हाय ही, बाई. पानी उतरलं की पेरायचं, चढायच्या आत उचलायचं. आमची गावं बुडाली, तवापासून असंच.”

शेजारी एक वठलेली बाभूळ होती. तिच्या खोडावर वाळलेल्या गाळाची आडवी रेघ होती. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. रेघ माझ्या डोक्यावर वीतभर. मग अमृतना उभं केलं. त्यांच्याही डोक्यावर चार बोटं.

“जुनी रेघ हाय ती, वहिनी. आता एवढं पाणी कुठलं?”

“गेल्या साली तूच हितनं होडी घेऊन गेल्तास की रे,” लंकाबाई मान वर न करता म्हणाली.

मच्छिंद्र जराही गडबडला नाही. “मग मी तरी दुसरं काय सांगतोय? तलावाच्या इतक्या जवळ जिल्ह्यात कोण देतंय, दाखवा!”

मी अमृतकडे पाहिलं. ते रेघेकडे बघत होते. “जोतं किती उंच घ्यावं लागेल हो?” त्यांनी विचारलं.

“सात-आठ फूट. खाली पार्किंग!”

“कोणाचं? मगरीचं?” मी म्हणाले. “मी सही करणार नाही.”

अमृत काही बोलायच्या आत प्लॉट बघायला आलेलं पुण्याचं एक जोडपं मागून पुढे सरकलं. यांचा नक्की नकार आहे ना, असं त्या गृहस्थांनी विचारलं. मच्छिंद्रने लगेच कागद त्यांच्यापुढे धरले. लंकाबाईने त्यांना एक कलिंगड विकलं.

परतताना राहुरी गेल्यावर अमृत म्हणाले, “बघ, आपल्या डोळ्यांदेखत प्लॉट गेला.”

“अजून नाही,” मी म्हणाले. “ऑगस्टपर्यंत थांबा.”