भोंग्याखालची ओळ

मी जळगावात घरी बसून एका व्हिडिओ कंपनीच्या मराठी आणि अहिराणी मालिका तपासते. कुणाच्या भावना कुठे दुखावतील ते आधीच हेरायचं आणि तिथे बीप लावायचा. तक्रार कुणीच केलेली नसते. ती होऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो.

धुळ्याच्या जितेंद्र नावाच्या दिग्दर्शकाने एक खरंखुरं लग्न चित्रित करून मालिकेत घेतलं. त्यात नवरीची आई ताईबाई विहिणीला, म्हणजे बेबाबाईला, गाण्यातून शिव्या देते. आमच्याकडे ही रीतच आहे. दिल्या नाहीत तर विहीण, आमची 'याहीन', रुसते. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण नियमावलीत 'स्त्रीची अवहेलना' असा रकाना होता, म्हणून मी एका ओळीवर बीप लावला. जितेंद्रने विनवलं, "वाटल्यास वयाची अट वाढवा, पण ओळ राहू द्या." मी ठरलेलं उत्तर पाठवून मोकळी झाले.

मालिका आल्यावर महिन्याभराने त्यानेच ताईबाईच्या नावाने तक्रार भरली. खाली तिचा नंबर होता. मी फोन लावला.

"मी काय वंगाळ म्हनं व्हतं वं ताई?" ती रडत होती. "लोके याहीनले इचारतस, त्या भोंगामा तुले काय म्हनं? आते ती मनी दिपमालाले आखाजीले धाडत नही."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, आणि ताईबाईच्या लेकीची, दिपमालाची, लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. तक्रारीच्या अर्जात मात्र तीनच उपाय होते: दृश्य काढा, आवाज काढा, वयाची अट वाढवा. काढलेलं परत घाला, असं कुणी मागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुंबईचे साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांची मुदत आहे. बघू."

मी बेबाबाईंना फोन केला. नियमात बसत नव्हतं, पण मला माझीच चीड आली होती.

"अक्का, तो बीप मी लावलाय. खालची ओळ ऐकवते." आणि माझ्या भसाड्या आवाजात गायले:

"बेबा याहीन उनी वं माय, सात मांडा खाई गयी, तरी खापर चाटस!"

विहीण आली, सात मांडे खाऊन गेली, तरी ते भाजायचं खापर चाटते, अशी ती शिवी.

"एवढंच?"

"एवढंच."

"सात?" बेबाबाई खदखदून हसल्या. "नऊ खादात मी! मंग हाई दपाडं कसाले?"

"तुमचा मान राहावा म्हणून लपवलं."

"गावभर मना इस्कोट कया तुम्हीन, आनि म्हने मान!"

मला लाज वाटली.

दिपमाला आखाजीला माहेरी आली. झोक्यावरचा तिचा फोटो जितेंद्रने पाठवला. साहेबांनी तक्रार मुदतीत निकाली काढली: 'कारवाईची गरज नाही.'

बीप अजून तिथेच आहे. मालिका लाखभर लोकांनी पाहिली म्हणे. ताईबाई त्या भोंग्याखाली काय बोलली असेल, याचा जो तो आपल्या मनाने अंदाज बांधतो आहे. एवढ्या सगळ्यांना मी फोन कुठे करू?